उभ्या गाडीची बॅटरी का उतरते? ‘आठवड्याला दहा मिनिटं स्टार्ट ठेवा’ या सल्ल्याचा हिशेब

पनवेलजवळच्या करंजाडेसारख्या सिडकोच्या नोडमध्ये सकाळी दहानंतर एक फेरी मारा. इमारतीखालच्या खांबांमध्ये आणि रस्त्याच्या कडेला गाड्यांची रांग जशीच्या तशी उभी दिसेल. मालक रिक्षाने पनवेल स्टेशन गाठून लोकलने कामाला गेलेला असतो, नाहीतर घरातूनच लॅपटॉपवर काम करत असतो. गाडी निघते ती रविवारी, लग्नकार्याला किंवा गणपतीत गावी जायला.

२२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि गाडी घेणं थोडं स्वस्त झालं. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतू सुरू झाला. २५ डिसेंबर २०२५ पासून शेजारच्याच नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी विमानं उडू लागली. म्हणजे गाडी असण्याची कारणं वाढली, पण रोज गाडी काढण्याची कारणं त्या प्रमाणात वाढली नाहीत. ‘जवळ गाडी आहे, पण रोज चालत नाही’ अशी घरं आता कमी नाहीत आणि या सवयीचा पहिला फटका बसतो तो बोनेटखालच्या बारा व्होल्टच्या बॅटरीला.

फटका नेमका कधी जाणवतो? रात्री दोन वाजता कुणाला तरी दवाखान्यात न्यायचं असतं, सेल्फ मारला की नुसतं ‘टक् टक् टक्’ ऐकू येतं आणि मीटरवरचे दिवे मंद होतात. चार-पाच हजारांची बॅटरी हे नुकसान आहेच. पण ज्या वेळेसाठी म्हणून गाडी दारात ठेवली, त्याच वेळेला ती उपयोगी पडत नाही, हे त्याहून मोठं नुकसान.

बंद गाडी खरंच बंद असते का?

नसते. चावी काढली, लॉक केली, दिवे गेले, तरी आत बरंच काही जागं असतं. घड्याळ चालू असतं, सिक्युरिटी अलार्म पहारा देत असतो, सेंट्रल लॉकिंगचा रिसीव्हर रिमोटच्या सिग्नलची वाट बघत असतो, इंजिनचा कॉम्प्युटर आपली स्मृती सांभाळत असतो. बटण-स्टार्ट गाडी असेल तर ती अधूनमधून ‘चावी जवळ आहे का’ हेही तपासत असते. ‘कनेक्टेड’ गाडीत सिमकार्ड असतं, ते मोबाईल नेटवर्कच्या संपर्कात राहतं.

या सगळ्यांना मिळून साधारण २० ते ५० मिलिअँपिअर करंट लागतो. आकडा अगदी किरकोळ वाटतो, पण तो चोवीस तास चालू असतो. ५० मिलिअँपिअर धरले तर दिवसाला १.२ अँपिअर-तास आणि आठवड्याला ८.४ अँपिअर-तास. छोट्या पेट्रोल गाडीत बऱ्याचदा ३५ अँपिअर-तासांची बॅटरी असते. म्हणजे दोन आठवड्यांत जवळपास निम्मी बॅटरी कुणीही हात न लावता गेली. २५ मिलिअँपिअर धरले तर तेवढंच नुकसान व्हायला महिना लागतो.

आता यात बाहेरून बसवलेल्या वस्तू मिळवा. डॅशकॅम ‘पार्किंग मोड’वर ठेवला असेल आणि तो पाव अँपिअर घेत असेल, तर दिवसाला ६ अँपिअर-तास गेले. तीन दिवसांत बॅटरी निम्मी होते आणि आठवड्याच्या आत पूर्ण झोपते. चोरीच्या भीतीने लावलेला जीपीएस ट्रॅकर, बाजारातून बसवलेला मोठा टचस्क्रीन, वायर सोलून जोडलेले शोभेचे दिवे यांचंही तेच. नवी बॅटरी वारंवार उतरत असेल, तर तिला शिव्या घालण्याआधी नंतर बसवलेल्या वस्तू तपासा.

आपला शत्रू थंडी नाही, ऊन

इंटरनेटवर बॅटरीबद्दल जे सल्ले वाचायला मिळतात, त्यातले पुष्कळसे बर्फ पडणाऱ्या देशांतले असतात. तिथे हिवाळ्यात गाडी सुरू होत नाही, म्हणून सगळा भर थंडीवर. पनवेल-उरण पट्ट्यात थंडी ती कितीशी? आपल्याकडे बॅटरीचं आयुष्य खातं ते ऊन.

लेड-ॲसिड बॅटरीत शिशाच्या प्लेटा आणि सल्फ्युरिक ॲसिडचं द्रावण असतं. गाडीला जोडलेली नसली तरी आतली रासायनिक क्रिया थोडी थोडी चालूच राहते आणि बॅटरी आपोआप उतरत जाते. तापमान दर दहा अंशांनी वाढलं की हा वेग साधारण दुप्पट होतो. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या बोनेटखाली काय होत असेल, याचा अंदाज यावरून येईल. उष्णतेने पाणीही उडतं आणि प्लेटांची झीज वाढते.

त्यानंतर पावसाळा. दमट हवेत टर्मिनलवर पांढरट-हिरवट बुरशीसारखा थर जमतो. त्यामुळे जोड सैल पडतो, बॅटरी भरलेली असली तरी स्टार्टरपर्यंत पुरेसा करंट पोचत नाही. गंमत म्हणजे अशा वेळी बॅटरी चांगली असूनही बदलली जाते. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून, जुन्या टूथब्रशने टर्मिनल घासलं, पुसून कोरडं केलं आणि वर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवला, की पुष्कळदा काम भागतं. हे करताना गाडी बंद ठेवा, हातमोजे घाला आणि सोड्याचं पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नका.

उतरलेली बॅटरी तशीच ठेवली तर?

बॅटरी वापरताना प्लेटांवर लेड सल्फेट तयार होतं. लगेच चार्ज केली की ते पुन्हा विरघळतं. पण बॅटरी अर्धवट रिकामी अवस्थेत आठवडेच्या आठवडे पडून राहिली, की त्या सल्फेटचे कडक स्फटिक बनतात आणि ते मग सहज जात नाहीत. प्लेटेचा तेवढा भाग कामातून गेला. याला सल्फेशन म्हणतात. म्हणूनच एकदा पूर्ण उतरलेली बॅटरी चार्ज करून आणली तरी पूर्वीसारखी राहत नाही आणि दोन-तीनदा असं झालं की तिचं आयुष्य संपतंच.

मोबाईलच्या सवयीमुळे आपल्याला वाटतं की २० टक्क्यांवर आली की चार्ज करू. गाडीच्या बॅटरीला हा न्याय लागू नाही. तिला कायम भरलेलं राहायला आवडतं. स्टार्टरला क्षणभर भरपूर करंट देणं आणि लगेच पुन्हा भरून घेणं, यासाठी ती बनवलेली आहे.

दहा मिनिटांचा हिशेब

२५ मार्च २०२० ला देशभर लॉकडाऊन लागला आणि लाखो गाड्या एकाच वेळी जागच्या जागी थांबल्या. तेव्हापासून एक सल्ला घरोघरी पोचला: आठवड्यातून एकदा खाली जा, दहा मिनिटं इंजिन चालू ठेवा, बॅटरी चार्ज होईल. लॉकडाऊन संपला, पण सल्ला टिकून आहे. तो कितपत खरा, हे आकडेमोड करूनच बघू.

बऱ्याच जणांना वाटतं की सेल्फ मारताना बॅटरी खूप खर्च होते. तसं नाही. स्टार्टर १५० अँपिअर घेतो असं धरा, पण तो फक्त दोन सेकंद. म्हणजे ०.०८ अँपिअर-तास, जवळपास नगण्य. खरा खर्च आहे तो आठवडाभर गुपचूप गेलेल्या ८.४ अँपिअर-तासांचा.

आता भरपाई. इंजिन जागेवर मंद गतीने फिरत असताना अल्टरनेटर कमी वीज बनवतो. त्यातली बरीचशी इंधन पंप, इग्निशन, कॉम्प्युटर आणि रेडिएटरचा पंखा यांनाच लागते. एसी आणि दिवे लावले तर आणखी. बॅटरीच्या वाट्याला ५-६ अँपिअर उरले असं धरलं, तर दहा मिनिटांत एक अँपिअर-तास भरला. खर्च ८.४, जमा १. हा हिशेब कुठल्याही बचत गटातली ताई लगेच सांगेल की तोट्याचा आहे.

वर आणखी नुकसान वेगळं. दहा मिनिटांत इंजिन आणि सायलेन्सर नीट तापत नाहीत, त्यामुळे ऑइलमध्ये आणि धुराच्या नळीत पाणी साचतं. बीएस-६ डिझेल गाडीत काजळी पकडणारा फिल्टर असतो, तो अशा उभ्या उभ्या चालवण्याने लवकर तुंबतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं: बेसमेंट किंवा बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवणं जिवावर बेतू शकतं. धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, रंग नसतो.

मग काय करायचं? गाडी खरोखर चालवायची. करंजाडेहून निघून पळस्पे फाट्यावरून मुंबई-गोवा महामार्गाने कर्नाळ्यापर्यंत जाऊन परत यायचं. सलग पाऊण तास इंजिन चांगल्या वेगाने फिरलं आणि बॅटरीला सरासरी १२ अँपिअर मिळाले, तर ९ अँपिअर-तास भरतात. आठवड्याचा खड्डा बुजला. आठवड्यातून एकदा अशी फेरी होत असेल तर वेगळं काही करायची गरज नाही. पनवेलच्या बाजारात दोन किलोमीटर जाऊन भाजी आणणं यात मोजू नका.

किती दिवस गाडी उभी राहणार, त्यावर उपाय ठरतो

*दोन आठवड्यांपर्यंत:* बॅटरी चांगली असेल तर काही करायला नको. निघण्याआधी एक मोठी फेरी मारा, डॅशकॅम आणि चार्जर काढून ठेवा, डिकीचा आणि आतला दिवा बंद आहे ना ते पाहा. बटण-स्टार्ट गाडीची चावी गाडीपासून लांब, घरात ठेवा.

*दोन आठवडे ते दोन महिने:* बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. दहा नंबरचा पाना बऱ्याच गाड्यांना चालतो. काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह सगळ्यात शेवटी. कारण पाना चुकून गाडीच्या पत्र्याला लागला तरी ठिणगी उडत नाही. वायर पुन्हा टर्मिनलला टेकणार नाही अशी कापडाने गुंडाळून बाजूला सारा.

मात्र हे करण्याआधी गाडीचं मॅन्युअल उघडा. घड्याळ आणि रेडिओची सेटिंग जातात, काही गाड्यांत काचांचं ‘ऑटो’ पुन्हा शिकवावं लागतं, अलार्म बंद राहतो. बॅटरीवरच सेन्सर असलेल्या नव्या गाड्यांत कंपनीची वेगळी पद्धत असू शकते. आणि हो, वायर काढल्यावर रिमोट चालणार नाही. दार उघडायची खरी चावी रिमोटच्या आत लपलेली असते, ती कुठे आहे हे आधीच बघून ठेवा. डिकी नुसत्या बटणावर उघडणारी असेल तर पाना डिकीत ठेवू नका!

*दोन महिन्यांहून जास्त:* मुलाकडे न्यू जर्सीला किंवा मुलीकडे लंडनला सहा महिन्यांसाठी जाणारे आई-बाबा आता नवलाचे राहिलेले नाहीत. अशा वेळी वायर काढूनही पुरत नाही, कारण आतली झीज चालूच राहते. दोन पर्याय आहेत. एक, विश्वासातल्या माणसाकडे चावी द्या आणि दर आठवड्या-दहा दिवसांनी गाडी पाऊण तास चालवायला सांगा. त्याआधी विमा चालू आहे ना आणि पीयूसीची मुदत संपत नाही ना, हे बघा. दोन, स्मार्ट चार्जर जोडून ठेवा. हा चार्जर बॅटरी भरली की आपोआप करंट कमी करतो आणि ती भरलेलीच ठेवतो. जुन्या पद्धतीचा, स्वतःहून न थांबणारा चार्जर मात्र महिनोन्‌महिने लावून ठेवू नका. तो बॅटरी उकळवतो.

व्होल्ट मोजा, अंदाज सोडा

तीन-चारशे रुपयांचा मल्टिमीटर घरात असू द्या. गाडी किमान चार-पाच तास बंद असताना, दारं लावलेली असताना बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्ट मोजा.

- १२.६ किंवा जास्त: पूर्ण भरलेली
- १२.४ च्या आसपास: पाऊण भरलेली, आता चार्ज करा
- १२.२ च्या आसपास: निम्मी, लगेच चार्ज करा
- १२ च्या खाली: जवळपास रिकामी, सल्फेशन सुरू

इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. काही नव्या गाड्या इंधन वाचवण्यासाठी हा आकडा मुद्दाम कमी-जास्त करतात, पण जुन्या गाडीत तो सतत १३ च्या खालीच राहत असेल तर दोष अल्टरनेटरकडे असू शकतो. तो तपासल्याशिवाय नवी बॅटरी घेतली तर तीही उतरणार.

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी हसू नये

‘आमच्या गाडीत एवढी मोठी बॅटरी आहे, आम्हाला काय काळजी?’ असं वाटत असेल तर थांबा. नेक्सॉन ईव्हीसारख्या इलेक्ट्रिक गाडीतही बारा व्होल्टची छोटी बॅटरी असते. दारं, स्क्रीन, कॉम्प्युटर आणि मोठ्या बॅटरीला गाडीशी जोडणारा स्विच हे सगळं तिच्यावर चालतं. ती उतरली, की मोठी बॅटरी ८० टक्के भरलेली असूनही गाडी जागी होत नाही. काही गाड्या उभ्या असतानाही मोठ्या बॅटरीतून छोटीला अधूनमधून भरतात, काही नाही. आपली कुठल्या प्रकारातली, हे मॅन्युअलमध्ये बघा. शिवाय उभी गाडी मोबाईल ॲपवर सारखी तपासत राहू नका, दरवेळी ती झोपेतून उठते.

उतरलीच तर

मॅन्युअल गिअरची गाडी धक्का मारून सुरू होऊ शकते. ऑटोमॅटिक आणि एएमटी गाड्यांना धक्का मारायच्या फंदात पडू नका, तिथे जंपर केबलच हवी. क्रम असा: लाल केबल उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, तिचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला. मग काळी केबल चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि तिचं शेवटचं टोक उतरलेल्या गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. चार्ज होणाऱ्या बॅटरीजवळ हायड्रोजन वायू असू शकतो, म्हणून शेवटची ठिणगी तिच्यापासून दूर पडावी. प्लस-मायनस उलटं झालं तर हजारोंचा कॉम्प्युटर जळू शकतो. इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड गाडीवरून दुसऱ्याची गाडी सुरू करायला जाऊ नका.

विम्यासोबत ‘रोडसाइड असिस्टन्स’ घेतलं असेल तर घरी येऊन जंप-स्टार्ट करून देतात. पॉलिसी उघडून तो नंबर आजच मोबाईलमध्ये सेव्ह करा. वॉरंटीवर मात्र फार विसंबू नका. ती साधारणपणे बनावटीतल्या दोषासाठी असते. नुसती उतरलेली बॅटरी दुकानदार चार्ज करून परत देतो.

बदलावीच लागली तर दोन गोष्टी. बॅटऱ्यांवरचा जीएसटीही २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला आहे. चार हजार मूळ किंमत असेल तर कर ११२० वरून ७२० वर आला, तेव्हा पक्कं बिल मागा. आणि जुनी बॅटरी दुकानातच परत द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. भंगारात गेलेल्या बॅटरीतलं ॲसिड गटारात ओतलं जातं आणि शिसं उघड्यावर वितळवलं जातं. त्याचा सगळ्यात जास्त त्रास आजूबाजूच्या लहान मुलांना होतो.

प्रश्न जागेचा, आणि एका सॉकेटचाही

मे २०२५ मध्ये परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनी पार्किंगची जागा दाखवल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी नाही, असं धोरण आणणार असल्याचं सांगितलं. त्यावर वाद झाले, होत राहतील. पण या सगळ्या चर्चेत जागा मोजली जाते ती चौरस फुटांत. त्या जागेवर वीज आहे का, हे कुणी विचारत नाही.

साडेबारा टक्के योजनेतल्या छोट्या भूखंडांवरच्या इमारतींत खांबांच्या पार्किंगमध्ये एखादा दिवा असतो, सॉकेट सहसा नसतो. ज्यांची गाडी रस्त्यावर, त्यांचा तर प्रश्नच नाही. त्यामुळे स्मार्ट चार्जर हा उत्तम उपाय कागदावरच राहतो. लोक तिसऱ्या मजल्यावरून एक्स्टेन्शन वायर सोडतात, पावसात ते धोकादायक. नाहीतर दहा-बारा किलोची बॅटरी उतरवून घरात आणतात आणि बंद खोलीत चार्ज करतात, तेही योग्य नाही.

सोसायटीच्या सभेत हा विषय निघाला की पहिला आक्षेप येतो, ‘कॉमन मीटरचं बिल कोण भरणार?’ तर हिशेब असा. निम्मी उतरलेली बॅटरी, म्हणजे साधारण २० अँपिअर-तास, भरायला वाया जाणारी वीज धरूनही अर्ध्या युनिटच्या आत वीज लागते. इलेक्ट्रिक गाडी चार्ज करण्याशी याची तुलनाच नको. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून, अर्थिंग आणि ईएलसीबीसह, पाणी न शिरणारं झाकण असलेलं एक सॉकेट बसवायचं, आळीपाळीने वापरायची नोंदवही ठेवायची आणि प्रत्येक वेळेचे दहा रुपये घ्यायचे. सोसायटीला तोटा होणार नाही.

पुढच्या सर्वसाधारण सभेत पार्किंगच्या पट्ट्या कुणाच्या कुठे, यावर तासभर भांडण होणारच आहे. त्यातली पाच मिनिटं या सॉकेटच्या ठरावाला द्या. तोपर्यंत मल्टिमीटर लावून आपल्या बॅटरीचा आकडा बघून या. १२.४ च्या खाली असेल तर हा रविवार कर्नाळ्याचा.